टोराँटोची बेटफेरी : वाहतूक, उद्यान आणि वस्ती

प्रास्ताविक

नागरी इतिहासाच्या अभ्यासात रस्ते, लोहमार्ग, ट्राम आणि पूल यांना जेवढे स्थान लाभले आहे, तेवढे फेरीबोटीला लाभलेले नाही. त्याचे एक कारण उघड आहे. पूल एकदा बांधला की उभा राहतो; फेरी मात्र रोज नव्याने चालवावी लागते आणि चालवणारा थांबला की पाण्यावर तिची खूणही उरत नाही. परंतु नेमक्या याच कारणामुळे फेरीचा इतिहास अभ्यासकाच्या दृष्टीने बोलका ठरतो. फेरी कोण चालवतो, कोणासाठी चालवतो आणि वर्षाचे किती महिने चालवतो, या प्रश्नांच्या उत्तरांवर पलीकडच्या काठाला कोण राहू शकेल हे अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात कॅनडातील टोराँटो शहराच्या बेटफेरीचा या दृष्टीने विचार केला आहे. ऑन्टॅरिओ सरोवराच्या उत्तर काठावर वसलेल्या या महानगरासमोर, बंदराच्या पलीकडे, लहानमोठ्या बेटांचा एक समूह आहे. तेथे नेणारा रस्ता नाही की पूल नाही. बे स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या धक्क्यावरून महापालिकेच्या बोटी सुटतात आणि सुमारे पंधरा मिनिटांत वॉर्ड्‌स आयलंड, सेंटर आयलंड किंवा हॅनलन्स पॉइंट या तीन धक्क्यांपैकी एकाला लागतात. ही सेवा खाजगी व्यावसायिकांकडून नगराच्या वाहतूक आयोगाकडे आणि तेथून उद्यान विभागाकडे गेली. प्रत्येक हस्तांतराबरोबर ‘उतारू’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला आणि या अर्थबदलाची किंमत बेटावर घर करून राहिलेल्या काही शे कुटुंबांना मोजावी लागली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९६३ साली बांधलेली ‘ऑन्गियारा’ ही लहानशी, माणसांबरोबर वाहनेही नेणारी बोट या इतिहासात मध्यवर्ती ठरते. पर्यटकांच्या नजरेत ती फारशी भरत नाही. तरीही बेटावरील वस्तीचा प्रश्न समजून घ्यायचा तर तिच्यापाशी थांबावे लागते.

भूमी आणि पहिल्या बोटी

ही बेटे मुळात बेटे नव्हती. टोराँटोच्या पूर्वेस स्कारबरो येथे सरोवराकाठी मातीचे उंच कडे आहेत. त्यांची झीज होऊन सुटणारी वाळू प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे वाहत येई आणि तिच्यापासून एक लांब, वाकडा, मुख्य भूमीला चिकटलेला दांडा तयार झाला होता. या दांड्याच्या आडोशामुळेच शहराला नैसर्गिक बंदर लाभले. मिसिसागा लोक या जागेला आरोग्यदायी आणि पवित्र मानीत. ब्रिटिशांनी १७८७ मध्ये आणि पुन्हा १८०५ मध्ये त्यांच्याशी जो भूमिव्यवहार केला, त्यात या वालुकामय प्रदेशाचा समावेश होता की नाही हा वाद दोन शतके चालला. अखेर २०१० मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने १४.५ कोटी डॉलर देऊन हा दावा मिटवला. बेटांच्या मालकीविषयी पुढे जो संघर्ष झाला त्याची चर्चा करताना हा आधीचा प्रश्न बहुधा विसरला जातो. म्हणून त्याची येथेच नोंद केली आहे.

एप्रिल १८५८ मधील वादळाने हा दांडा पूर्वेकडे कायमचा तुटला आणि त्याची बेटे झाली. परंतु त्यापूर्वीही शहरातून तेथे जाण्याचा सोयीचा मार्ग पाण्यातूनच होता. १८३३ मध्ये मायकेल ओकॉनर या व्यावसायिकाने आपल्या तेथील हॉटेलात गिऱ्हाइके नेण्यासाठी एक बोट सुरू केली. ती घोड्यांच्या बळावर चाले. दोन घोडे एका फिरत्या पाटावर जागच्या जागी चालत राहत आणि त्यांच्या चालण्याने बोटीची वल्हेदार चाके फिरत. १८४३ मध्ये लुई प्रिव्हा याने ‘पेनिन्सुला पॅकेट’ ही याच पद्धतीची बोट आणली; पुढे तिच्यावरील घोड्यांची संख्या दोनावरून पाच झाली. नंतर वाफेच्या बोटी आल्या.

या आरंभकाळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. बोट चालवणारा हाच पलीकडच्या हॉटेलाचा मालक असे. फेरी ही स्वतंत्र सेवा नव्हती. ती पलीकडच्या करमणुकीचे प्रवेशद्वार होती. हे समीकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अधिक घट्ट झाले. १८६७ मध्ये बेटे शहराच्या ताब्यात आली आणि शहराने तेथील जागा भाडेपट्ट्याने देण्यास आरंभ केला. पश्चिम टोकाला हॅनलन कुटुंबाचे हॉटेल होते. या कुटुंबातील नेड हॅनलन हा १८८० मध्ये नौकानयनात जगज्जेता झाला आणि त्या टोकाला ‘हॅनलन्स पॉइंट’ हे नाव रूढ झाले. तेथे करमणूक-उद्यान आणि मोठे क्रीडांगण उभे राहिले. अमेरिकेचा पुढे विख्यात झालेला बेसबॉलपटू बेब रूथ याने व्यावसायिक खेळाडू म्हणून मारलेला पहिला ‘होम रन’ याच क्रीडांगणावरचा, ५ सप्टेंबर १९१४ चा. टोराँटो फेरी कंपनी, तेथील करमणूक-उद्यान आणि बेसबॉलचा संघ या तिन्हींची सूत्रे लॉरेन्स सोल्मन या एकाच गृहस्थाच्या हाती होती. प्रेक्षक आणि उतारू हे त्याच्या हिशेबात एकच होते.

कंपनीच्या बोटींना फुलांची नावे होती : ‘मेफ्लॉवर’, ‘प्रिमरोझ’, ‘ब्लूबेल’ आणि १९१० मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिलियम’. दोन्ही बाजूंना चाके असलेली ही ‘ट्रिलियम’ आपल्या या इतिहासात पुन्हा भेटणार आहे.

नगराची फेरी

उन्हाळी करमणुकीच्या या गर्दीबरोबरच बेटांवर दुसरीही एक वस्ती वाढत होती. पूर्वेकडील वॉर्ड्‌स आयलंडवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोक उन्हाळ्यापुरते तंबू ठोकून राहू लागले. तंबूंच्या रांगा झाल्या, रांगांच्या गल्ल्या झाल्या, तंबूंना लाकडी तळ आणि ओटे आले. १९३१ मध्ये शहराने तेथे छोटी घरे बांधण्यास परवानगी दिली. हे लोक करमणुकीला आलेले पाहुणे नव्हते. ते सकाळी बोटीने कामावर जात आणि संध्याकाळी बोटीने घरी परतत.

अशा उताऱ्याला खाजगी कंपनीच्या हिशेबात फारसे स्थान नव्हते. १९२६ मध्ये शहराने टोराँटो फेरी कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १९२७ पासून सेवा शहराच्या वाहतूक आयोगाकडे सोपवली. हा आयोग १९२१ पासून शहरातील ट्रामगाड्या चालवत होता. फेरी त्याच्याकडे जाणे म्हणजे बेटावरचा प्रवास हा शहरातल्या प्रवासाचाच एक भाग मानणे होय. बेटफेरीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रशासकीय निर्णय कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक १९२६-२७ च्या या निर्णयाकडे बोट दाखवील. त्यानंतरच्या साडेतीन दशकांत बेटावर वस्ती रुजली ती या निर्णयाच्या आधारावर.

जुन्या बोटींपैकी काहींचा शेवट मात्र विचित्र झाला. १९२९ मध्ये ‘जॉन हॅनलन’ ही निकामी बोट शहराच्या पश्चिमेकडील सनीसाइड किनाऱ्यासमोर पेटवून देण्यात आली, आणि ते दृश्य पाहण्यास लोक जमले. फेरीच्या करमणूकमूल्याचा एवढा शब्दशः उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

नव्या बोटींची नावे पाहिली तरी मालकी बदलल्याचे कळते. १९३५ ची बोट ‘शॅमरॉक’ या वनस्पतीवाचक नावानेच अवतरली, पण लवकरच ती ‘विल्यम इंग्लिस’ झाली. १९३९ च्या बोटीला पदावर असताना १९३६ मध्ये निधन पावलेल्या महापौरांचे, सॅम मॅकब्राइड यांचे नाव मिळाले. १९५१ मध्ये सेवेत आलेली ‘थॉमस रेनी’ ही बंदर आयोगाच्या सदस्याच्या नावाची. कंपनीला गिऱ्हाइकाला रिझवायचे होते. नगरसंस्थेला आपल्या माणसांची स्मृती जपायची होती.

१९३७ ते १९३९ या काळात हॅनलन्स पॉइंटवर विमानतळ झाला. करमणूक-उद्यानाचे उरलेसुरले अवशेष गेले आणि तेथील काही घरे पाण्यावरून ओढत अल्गॉन्क्विन बेटावर नेऊन बसवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात तीव्र घरटंचाई निर्माण झाली तेव्हा शहरानेच बेटावरील लोकांना उन्हाळी घरे थंडीसाठी सज्ज करून बाराही महिने राहण्यास उत्तेजन दिले. १९५० च्या सुमारास बेटांवर सुमारे ६३० घरे होती. सेंटर आयलंडवरील मॅनिटू रोड हा तर लहानशा गावाचा बाजाररस्ताच होता; तेथे दुकाने, हॉटेले, चित्रपटगृह, नृत्यगृह सारे काही होते.

हिवाळ्यातील वाहतुकीचा प्रश्न मात्र अवघड होता. बंदर गोठे, आणि उन्हाळी गर्दीसाठी बांधलेल्या उंच, पांढऱ्या बोटी बर्फात निरुपयोगी ठरत. ही कामगिरी ‘नेड हॅनलन’ या १९३२ साली बांधलेल्या वाफेच्या टगबोटीने सांभाळली. टगबोट म्हणजे ओढकाम करणारी मजबूत बांध्याची बोट. तिच्यात माणसे नेण्याची ऐसपैस सोय नव्हती. पण ती बर्फ फोडून पलीकडे पोहोचे, आणि जानेवारीत बेटावर राहणाऱ्याला तेवढेच हवे असे.

उद्यान विभागाकडे हस्तांतर

१९५३ च्या कायद्याने टोराँटो आणि आसपासच्या नगरपालिका मिळून १३ स्थानिक संस्थांवर ‘मेट्रोपॉलिटन टोराँटो’ ही महानगर परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर. सरोवराकाठचा जो द्रुतगती महामार्ग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो, त्याचे बांधकामही याच दशकात सुरू झाले. १९५६ मध्ये बेटे महानगर परिषदेकडे गेली. परिषदेचे धोरण स्पष्ट होते : घरे पाडावीत आणि बेटांचे सार्वजनिक उद्यान करावे.

या धोरणामागे केवळ दुष्ट हेतू होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. वाढत्या महानगराला मोकळ्या जागेची गरज होती, आणि सार्वजनिक भूमीवर मूठभर कुटुंबांनी स्वस्त भाड्याने का राहावे, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. उद्यान आयुक्त टॉमी थॉम्पसन हे लोकाभिमुख अधिकारी म्हणून आजही स्मरणात आहेत. इतरत्र उद्यानांत ‘हिरवळीवर चालू नये’ अशा पाट्या असत, तेथे त्यांनी ‘कृपया हिरवळीवर चाला’ अशा पाट्या लावल्या. ज्या हिरवळीवर चालण्याचे हे निमंत्रण होते, तिच्यातील काही पूर्वी लोकांची अंगणे होती, एवढेच येथे म्हणता येईल.

भाडेपट्टे संपतील तशी घरे पाडली जाऊ लागली. मॅनिटू रोड नाहीसा झाला. १९६७ मध्ये सेंटर आयलंडवर ‘सेंटरव्हिल’ हे मुलांचे करमणूक-उद्यान उघडले, आणि त्याची रचना जुन्या काळच्या एका छोट्या गावासारखी केलेली होती. खरे गाव पाडून झाल्यावर खोटे गाव बांधले गेले, हा योगायोग असला तरी विचार करण्यासारखा आहे.

या मालिकेतच १९६२ मध्ये फेरीसेवा वाहतूक आयोगाकडून महानगर परिषदेच्या उद्यान विभागाकडे आली. प्रशासनाच्या दृष्टीने हे सुसंगत होते. बेटे उद्यान असतील तर तेथे नेणारी बोटही उद्यानाचीच असावी. परंतु १९२७ मध्ये जे घडले होते ते येथे उलटे फिरले. वाहतूक विभागाचा उतारू हा नागरिक असतो. त्याला कामावर पोहोचायचे असते, आणि पाऊस असो वा हिमवर्षाव, त्याच्यासाठी गाडी सुटते. उद्यान विभागाचा उतारू हा सहलीला निघालेला असतो. ऋतू संपला की त्याची सेवाही संपते. ओकॉनरच्या घोडाबोटीचे तत्त्व शासकीय रूपात परत आले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

‘ऑन्गियारा’

उद्यान चालवायचे तरी नुसती माणसे नेऊन भागत नाही. कचरा उचलणारे ट्रक, बांधकामाचे साहित्य, झाडे, खते, दुकानांचा माल हे सर्व पलीकडे न्यावे लागते. घरे पाडण्यासाठी यंत्रे न्यावी लागतात आणि पाडलेल्याचा राडारोडा परत आणावा लागतो. बेटांवर खाजगी मोटारींना मुळातच मज्जाव आहे, पण सेवेची वाहने लागतातच. उंच पांढऱ्या बोटी केवळ माणसांसाठी होत्या. सेवा हाती आल्यानंतर वर्षभरातच, १९६३ मध्ये, उद्यान विभागाच्या ताफ्यात ‘ऑन्गियारा’ दाखल झाली. ह्यूरॉन सरोवराकडील ओवेन साउंड येथील रसेल ब्रदर्स या कारखान्यात ती बांधली गेली. तिचे नाव ‘नायगारा’ या शब्दाच्या जुन्या रूपाशी नाते सांगते. फुले झाली, पदाधिकारी झाले. या वेळी नाव आले ते आदिवासी भाषेतून.

ज्यांनी मांडवीच्या पात्रात दिवाडी किंवा चोडण बेटाकडे जाणारी फेरीबोट पाहिली आहे, त्यांना ‘ऑन्गियारा’ची रचना सांगण्यास फार शब्द लागणार नाहीत. सपाट, मोकळा तळमजला. त्यावर थेट चढणारी वाहने. कडेने उभी राहणारी माणसे आणि सायकली. ‘सॅम मॅकब्राइड’ व ‘थॉमस रेनी’ या बोटी प्रत्येकी ९०० हून अधिक माणसे नेण्यासाठी बांधलेल्या. ‘ऑन्गियारा’ची क्षमता २२०. परंतु तिच्यात दोन गुण असे होते जे इतर कोणत्याही बोटीत नव्हते : ती वाहने नेऊ शकत होती आणि बर्फातून चालू शकत होती. ‘नेड हॅनलन’ टगबोट याच दशकात निवृत्त झाली आणि हिवाळ्याचा सगळा भार या एका बोटीवर आला.

येथे इतिहासाने केलेली थट्टा लक्षात घ्यावी. उद्यान विभागाला बेटावरून वस्ती हटवायची होती. त्याच विभागाने आपल्या उद्यानाच्या निगेसाठी जी बोट आणली, तिच्यामुळे उरलेल्या वस्तीला हिवाळा काढणे शक्य झाले. डिसेंबरपासून मार्चपर्यंत सेंटर आयलंड व हॅनलन्स पॉइंट येथील धक्के ओस पडलेले असतात. बोट जाते ती केवळ वॉर्ड्‌स आयलंडला, म्हणजे वस्तीपाशी. सकाळच्या फेरीने नोकरदार शहरात येतात. दुपारी किराणा, गॅसची नळकांडी, दुरुस्ती-कामगारांची गाडी पलीकडे जाते. मध्यरात्रीच्या आधी शेवटची फेरी सुटते. ती चुकली की घर समोर दिसत असूनही गाठता येत नाही. बेटावरील माणसाचे घड्याळ या वेळापत्रकाला बांधलेले आहे. कोणते काम स्वीकारावे, नाटकाच्या अखेरच्या अंकाला थांबावे की उठावे, अशा साध्यासाध्या निर्णयांतही बोट मध्ये येते. थंडी फारच कडक पडून बंदरातील बर्फ ‘ऑन्गियारा’लाही आवरेनासा झाला, तर रहिवाशांना पश्चिमेच्या विमानतळाच्या फेरीने बेटावर नेऊन तेथून बसने घरी पोहोचवले गेल्याचीही उदाहरणे आहेत.

वेळापत्रक हे धोरणपत्रच असते. फक्त त्याच्यावर कोणाची स्वाक्षरी नसते. घरे पाडण्याचा ठराव परिषदेत मांडावा लागतो, त्यावर चर्चा होते, वृत्तपत्रांत पत्रे छापून येतात. एखादी फेरी कमी करण्याला एवढे काही लागत नाही. म्हणूनच बेटावरील रहिवाशांनी १९६९ मध्ये आपली संघटना स्थापन करून जो लढा दिला, त्याचा विचार करताना घरांच्या मालकीबरोबर बोटीच्या सातत्याचाही विचार करणे आवश्यक आहे. नियमितपणे चालणारी हिवाळी बोट नसती, तर वॉर्ड्‌स आणि अल्गॉन्क्विन येथील घरे पाडण्याची वेळच आली नसती. ती आपोआप रिकामी झाली असती.

पुलावरचा दिवस

१९७० च्या दशकात या प्रश्नावर टोराँटो शहराची परिषद आणि तिच्यावरची महानगर परिषद यांच्यात उघड मतभेद झाले. शहर परिषदेचा कल वस्ती टिकवण्याकडे होता. महानगर परिषद तिला हटवण्यावर ठाम होती. खटले चालले, अपिले झाली, आणि निकाल रहिवाशांच्या विरुद्ध गेला. २८ जुलै १९८० रोजी शेरीफ, म्हणजे न्यायालयाच्या आदेशांची अंमलबजावणी करणारा अधिकारी, घरे रिकामी करण्याचे आदेश बजावण्यासाठी बेटावर आला. वॉर्ड्‌स आणि अल्गॉन्क्विन यांना जोडणाऱ्या लाकडी पुलापाशी रहिवाशांनी त्याला अडवले. बोलणी झाली आणि शेरीफ आदेश न बजावता परतला. बळाचा वापर झाला नाही. लोकशाही समाजातील विरोधाचे एक संयमी उदाहरण म्हणून या प्रसंगाचा उल्लेख केला जातो, आणि तो सार्थ आहे.

यानंतर ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने चौकशीसाठी बॅरी स्वॉड्रन यांची नेमणूक केली. डिसेंबर १९८१ च्या कायद्याने रहिवाशांना २००५ पर्यंत राहण्याची मुभा मिळाली. ती मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी, १९९३ मध्ये, बॉब रे यांच्या सरकारने नवा कायदा केला. जमिनीचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा रहिवाशांना मिळाला. मात्र घर खुल्या बाजारात विकण्याचा हक्क त्यांना राहिला नाही. घर विकायचे तर ते एका विश्वस्त मंडळामार्फत, ठरवून दिलेल्या किमतीला, प्रतीक्षायादीतील पुढच्या नावालाच विकता येते. या यादीत ५०० नावे असतात. मूळच्या सुमारे ६३० घरांपैकी २६२ घरे अशा रीतीने वाचली.

ही व्यवस्था सर्वांना न्याय्य वाटली असे नाही. शहराच्या मध्यापासून पंधरा मिनिटांवर, पाण्याकाठी, बाजारभावाच्या अंशाने मिळणारे घर हा विशेषाधिकारच आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु सट्ट्यापासून मुक्त ठेवलेली वस्ती हा त्या विशेषाधिकाराचा दुसरा चेहरा आहे, आणि मोटारीशिवाय, दुचाकी व हातगाडीवर चालणारे जीवन पत्करण्याची तयारी ही त्याची अट आहे. कायद्याने घराला संरक्षण दिले. फेरी मात्र उद्यान विभागाकडेच राहिली. १९९८ मध्ये महानगर परिषद बरखास्त होऊन सर्व नगरे एका टोराँटो शहरात विलीन झाली, तेव्हा नव्या शहराच्या उद्यान विभागाने ती पुढे चालवली.

दुसरी फेरी

याच बेटसमूहाच्या पश्चिम टोकाला आणखी एक फेरी आहे. ती विमानतळाची. मुख्य भूमी आणि विमानतळ यांच्यामधील खाडी अवघी १२१ मीटर रुंद आहे. १९३५ मध्ये येथे बोगद्याचे काम सुरू झाले होते, पण केंद्रात सत्ताबदल होताच ते थांबले. २००३ च्या महापौर निवडणुकीत तेथे पूल बांधावा की नाही हाच प्रमुख प्रश्न झाला आणि पुलाला विरोध करणारे डेव्हिड मिलर निवडून आले. पूल रद्द झाला. बंदर प्राधिकरणाने फेरी चालू ठेवली, आणि २०१५ मध्ये पादचाऱ्यांसाठी बोगदा खुला झाला. एकाच पाण्यावर दोन न्याय दिसतात. विमानप्रवाशाच्या काही मिनिटांसाठी बोगदा खोदला गेला. तो विमानतळापुरताच आहे, पलीकडच्या उद्यानात किंवा वस्तीत तेथून जाता येत नाही. महापालिकेची फेरी मात्र १९५१ च्या आणि १९६३ च्या बोटींवर चालत राहिली. अर्थात बेटावरच्या लोकांना पूल हवा होता असे मुळीच नाही. पूल आला तर मोटारी येतील हे त्यांना ठाऊक होते. त्यांना हवी होती ती भरवशाची बोट.

अलीकडील घटना

२०१७ च्या वसंतात सरोवराची पातळी असाधारण वाढली. बेटांचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि मे महिन्यापासून ३१ जुलैपर्यंत उद्यान लोकांसाठी बंद ठेवावे लागले. सहलीच्या बोटी थांबल्या. रहिवासी व कर्मचारी यांच्यासाठी सेवा चालू राहिली. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा एरवी धक्क्यावर पाय ठेवण्यास जागा नसते, तेव्हा फेरी काही आठवडे पूर्णपणे वाहतुकीची फेरी झाली होती. उद्यान नसले तरी फेरीची गरज उरते, हे या पुराने एका परीने सिद्ध केले.

इतर बोटींचे वयही आता दुर्लक्षिण्याजोगे राहिलेले नव्हते. ‘ट्रिलियम’ १९५० च्या दशकात निवृत्त होऊन बेटांमधल्या पाण्यात कुजत पडली होती. ती दुरुस्त करून १९७६ मध्ये पुन्हा सेवेत आणली गेली, आणि वारसा म्हणून तिचे कौतुक योग्यच आहे. परंतु दैनंदिन सेवा वारशावर चालत नाही. २० ऑगस्ट २०२२ रोजी ‘सॅम मॅकब्राइड’ शहराकडील धक्क्यावर आदळली आणि काही प्रवासी जखमी झाले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तिची चौकशी केली. बोट त्या वेळी ८३ वर्षांची होती.

शहराकडील या धक्क्याला २०१३ मध्ये जॅक लेटन यांचे नाव देण्यात आले. आधी नगरसेवक आणि नंतर केंद्रातील विरोधी पक्षनेते झालेल्या लेटन यांचा ऑलिव्हिया चाउ यांच्याशी विवाह १९८८ मध्ये अल्गॉन्क्विन बेटावरच झाला होता. २०२३ मध्ये चाउ टोराँटोच्या महापौर झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत, जुलै २०२४ मध्ये, शहर परिषदेने विजेवर चालणाऱ्या दोन नव्या बोटींसाठी डामेन या डच कंपनीला सुमारे ९.२ कोटी डॉलरचे काम देण्यास मंजुरी दिली. आधीच्या अंदाजांहून ही रक्कम कितीतरी अधिक असल्याने तीवर टीकाही झाली.

टीकेचा रोख बहुतांशी उन्हाळ्याकडे होता : वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक बेटांवर जातात, त्यांच्या रांगा, त्यांची सोय. जुलैमध्ये इस्कॉनच्या रथयात्रेसाठी सेंटर आयलंडकडे लोटणारी भाविकांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रांगांची कल्पना येईल. शहरातील रस्त्यांतून ओढत आणलेले रथ काठाशी येतात आणि पुढचा प्रवास बोटीनेच करावा लागतो. त्या गर्दीसाठी मोठी बोट हवी यात वाद नाही. पण मागवलेल्या दोन बोटींपैकी एकच केवळ माणसांसाठी आहे. दुसरीवर वाहनांसाठी मोकळा तळमजला आहे, म्हणजे १९६३ पासून ‘ऑन्गियारा’ने एकटीने केलेल्या कामाला तेवढ्यापुरता जोडीदार मिळण्याची ही पहिलीच वेळ. वस्तीचा भाडेपट्टा २०९२ पर्यंतचा आहे. विजेवरची बोट, तिची नीट निगा राखली आणि जुन्या बोटींइतके आयुष्य तिला लाभले, तर त्या मुदतीच्या बऱ्याच जवळपास पोहोचेल.